सहा दिवसांचं मैदान : नगरपरिषदेला एका ग्रंथपालाचं खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,
नगरपरिषद.

सप्रेम नमस्कार.

28 नोव्हेंबरला दुपारी आपलं पत्र वाचनालयात पोचलं. देवघेव बंद होती, मी दाखल नोंदवहीत नव्या पुस्तकांचे आकडे टाकत बसले होते. ‘सदर पुस्तक प्रदर्शन विक्री स्वरूपाचे असल्याने मैदानासाठी व्यावसायिक दराने भाडे आकारण्यात येईल’ एवढंच त्यात होतं, आणि खाली दर. आजवर दिवसाला 1,000 रुपये भरत होतो, आता 15,000. शिवाय 50,000 रुपये अनामत. पत्र हातात असतानाच पुण्याच्या एका विक्रेत्यांचा फोन आला. गेली चौदा वर्षं ते आपल्या गावात येतात. ‘ताई, टेम्पो सांगून ठेवू का?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या कळवते. आज आठवडा झाला, मी त्यांना ठाम काही कळवू शकलेले नाही.

हे पत्र मी आपल्याला लिहितेच आहे, पण गावानेही ते वाचावं असं मला वाटतं, कारण मैदान गावाचं आहे.

मी या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. त्यातली चौदा वर्षं आम्ही 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, जुन्या शाळेजवळच्या मैदानावर पुस्तक प्रदर्शन भरवतो. सहा दिवस, अठरा गाळे, संध्याकाळी एखादं व्याख्यान किंवा कविसंमेलन. करोनाची दोन वर्षं सोडली तर खंड पडलेला नाही. आपल्यापैकी काही जण या प्रदर्शनात विद्यार्थी म्हणून आलेले आहेत. एका विद्यमान सदस्यांनी पहिल्या वर्षी खुर्च्या लावल्या होत्या, ते मला चांगलं आठवतं.

आता सभेतल्या चर्चेबद्दल. विषय निघाला तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. बोलायची परवानगी नव्हती. एका सदस्यांनी विचारलं, ‘पुस्तकं आता मोबाइलवर मागवली की घरपोच येतात, मग प्रदर्शनाचा उपयोग काय?’ प्रश्न मनापासून विचारलेला होता. सभेत त्याचं उत्तर द्यायला कुणी उभं राहिलं नाही आणि ठराव पुढे सरकला. ते उत्तर मला द्यायचं आहे.

मोबाइलवर तुम्ही तेच पुस्तक मागवता ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक असतं. आपल्या गावातल्या बहुतेकांना अशी किती नावं ठाऊक असतील? पुस्तकांचं दुकान गावात नाही. स्टँडजवळ दोन बुक डेपो आहेत, तिथे वह्या, गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच आणि प्रकल्पाचे तक्ते मिळतात. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांचं पोट शाळेच्या हंगामावर आहे. कथा-कादंबरी, चरित्र, शेतीवरचं किंवा कायद्यावरचं मराठी पुस्तक हातात घेऊन बघायचं तर जिल्ह्याला जावं लागतं, 74 किलोमीटर. बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन दिवस मोडतो. एका पुस्तकासाठी रोजंदारी कोण बुडवेल?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. गुरुवारचा बाजार होता. मोटारी भरून देणारे, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन मंडपातून आडवे चालले होते. मैदान ओलांडलं की त्यांच्या गल्लीचा रस्ता जवळ पडतो, तेवढ्यासाठी. एका गाळ्याच्या कोपऱ्यात तांत्रिक पुस्तकांचा ढीग होता. तिथे ते थांबले. पिशवी पायाशी ठेवली, हात पँटीला पुसले आणि मोटार वाइंडिंगचं एक मराठी पुस्तक उघडलं. 36 खाचांच्या स्टेटरची आकृती होती. त्यावर बोट ठेवून ते एकेक गुंडाळी मोजत गेले. बराच वेळ. मी शेजारीच होते. मला म्हणाले, ‘हे मी वीस वर्षं हातानं करतोय. लिहिलेलं पहिल्यांदा बघतोय.’ पुस्तक 180 रुपयांचं होतं. त्या दिवशी पैसे भाजीत गेले होते, म्हणून विक्रेत्याने ते बाजूला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते हाताखालच्या दोन पोरांना घेऊन आले. मार्चमध्ये वाचनालयाचे वर्गणीदार झाले आणि आता प्रवासवर्णनं नेतात.

असं पुस्तक आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मोबाइलवर शोधायचा प्रश्नच नव्हता. प्रदर्शनाचा पहिला उपयोग हा, की न शोधलेलं पुस्तक वाटेत येतं. त्यासाठी पुस्तक वाटेतच असावं लागतं. मैदान म्हणूनच हवं.

मुलांचं सांगते. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात असतात. गेल्या जानेवारीत तिथल्या सातवीच्या चार मुली आल्या. प्रत्येकीकडे पन्नास रुपये. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही त्यातल्या त्यात स्वस्त असतात, त्या गाळ्यापुढे त्या बसल्या. पुस्तकं सतरंजीवर मांडली, प्रत्येकाचं पहिलं पान मोठ्याने वाचलं, काही परत ठेवली. दोन तास हे चाललं. शेवटी चौघींनी चार वेगळी पुस्तकं घेतली. एकच पुस्तक दोघींना फार आवडलं होतं, पण त्यातल्या एकीने समजून दुसरं घेतलं, कारण मग चौघींना चार वाचायला मिळणार होती. माझ्या वाचनालयाची सुरुवात मी यापेक्षा वेगळी कल्पू शकत नाही. शाळेतून वाटलेलं पुस्तक मुलं ठेवून देतात. स्वतः पारखून, पैसे मोजून घेतलेलं पुस्तक फाटेपर्यंत वाचतात, हे मी दरवर्षी बघते.

त्याच वर्षी संध्याकाळी एक कवी आले होते. कविता वाचून झाल्यावर त्यांनी आपली वही मुलांच्या हातात दिली. एका कवितेच्या पानावर एवढी खाडाखोड होती की मूळ ओळ दिसत नव्हती. नववीतल्या मुलाने विचारलं, ‘सर, तुम्हीपण खोडता?’ ते म्हणाले, ‘लिहितो त्यापेक्षा जास्त.’ त्या मुलाला निबंधाच्या वहीत खाडाखोड केली म्हणून गुण कापले जात होते. लेखक हा आपल्यासारखाच, चुकून पुन्हा लिहिणारा माणूस आहे हे त्याला वहीत दिसलं. पुढच्या महिन्यात त्याने वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी गावच्या नदीवर लिहून आणलं, चौथ्यांदा लिहिलेलं, आणि आधीचे तीन कागदही सोबत जोडलेले.

वाचनालयाचा थेट फायदा सांगायचा तर चिठ्ठीचा सांगते. आमच्याकडे पुस्तकं येतात ती बरीचशी दुसऱ्यांनी निवडलेली असतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून गठ्ठे येतात, शासनाच्या निवड यादीतून काही येतात. त्यांचा आधार मोठा आहे. पण कुलूपबंद कपाटात वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकंही त्यांतच असतात. प्रदर्शनात आम्ही वर्गणीदारांना कोऱ्या चिठ्ठ्या देतो. आवडलेल्या पुस्तकात चिठ्ठी ठेवायची, ते पुस्तक वाचनालय विकत घेण्याचा विचार करतं. गेल्या वर्षी 112 चिठ्ठ्या आल्या, 64 पुस्तकं आम्ही घेतली. त्यातलं एकही पुस्तक आज कपाटात पडून नाही. गावाने निवडलेलं गाव वाचतं.

सभेत असंही म्हटलं गेलं की लोक आता वाचत नाहीत, गर्दी ‘सेल’ला होते. मला हे ऐकून वाईट वाटलं, कारण हे म्हणणाऱ्यांनी एकदा दसऱ्याला नागपूरला जाऊन यावं. 1956 साली जिथे धम्मदीक्षा झाली त्या दीक्षाभूमीच्या परिसरात आणि 6 डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या गाळ्यांच्या रांगाच्या रांगा लागतात. भाकरीचं गाठोडं घेऊन रेल्वेने आलेली माणसं, मोलमजुरी करणाऱ्या बाया, परतताना पुस्तकं घेऊन जातात. शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांसाठी लोक रांगेत उभे राहतात. संविधानाची प्रत घेतात. आपल्याच गावातून दरवर्षी दोन जीपगाड्या नागपूरला जातात. त्या परत आल्या की आठ दिवस वाचनालयात त्या पुस्तकांची चर्चा चालते. गरिबाला पुस्तक नको असतं हे मी तरी मान्य करणार नाही. त्याच्या वाटेवर पुस्तक मांडलेलं असेल तर तो घेतो.

2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, भारत सासणे अध्यक्ष होते. मराठवाड्यातला एप्रिल आपल्याला माहीत आहे. त्या उन्हात मी वाचनालयाच्या सहा वर्गणीदारांबरोबर गेले होते. परिसंवादाच्या मंडपात जागा असायची, आणि ग्रंथदालनात माणसाला माणूस खेटत होता. त्या आधी 2020 च्या जानेवारीत, तेव्हाच्या उस्मानाबादला 93वं संमेलन झालं, तिथेही हेच पाहिलं. पण ही संमेलनं आपल्या गावाशेजारी किती वर्षांनी एकदा येणार? पुण्याला 2023 पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, दिल्लीला 1972 पासून विश्व पुस्तक मेळा आहे. ते चांगलंच आहे. तिथे आपली नववीतली मुलगी जाऊ शकत नाही. शासनाचा जिल्हा ग्रंथोत्सव असतो, तो जिल्ह्याच्या ठिकाणी आणि दोन दिवसांचा. तालुक्याला जे मिळायचं ते आपलं आपणच उभं करावं लागतं.

आपण पर्याय म्हणून मंगल कार्यालयाचा वरचा मजला सुचवला आहे. याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण मला तो भाड्याइतकाच मोठा प्रश्न वाटतो.

मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन 1878 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने भरलं. 1885 ला दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी यायला नकार देणारं पत्र लिहिलं, ते छापूनही आलं. ज्या सभांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचारच होत नाही त्या सभांशी आमचं जमणार नाही, असा त्याचा रोख होता. मी ते पत्र दरवर्षी प्रदर्शनात लावते, कारण पुस्तकांच्या जागेला दार असलं की कोण आत येईल आणि कोण बाहेर राहील हे आपोआप ठरत जातं. मैदानाला दार नाही. तिकीट नाही, पत्रिका नाही, चपला काढायच्या नाहीत. मोटारी भरणारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आत आले ते रस्ता आडवा जातो म्हणून. मंगल कार्यालयाचा जिना चढून, बंद दार ढकलून ते कधीही आले नसते. जिना एकवीस पायऱ्यांचा आहे, उतार नाही. मोठ्या अक्षरातली पोथी घ्यायला दरवर्षी म्हाताऱ्या आजी येतात, त्यांनी वर कसं जायचं? शहाणी माणसं पोथ्यांच्या गाळ्याकडे जरा खालच्या नजरेने बघतात, मला ते पटत नाही. आजीला घेऊन सून येते, आजी पोथी चाळेपर्यंत सून शेजारच्या गाळ्यावर थांबते, आणि पुढच्या वर्षी एकटी येते. अशा चार सुना आज वाचनालयाच्या वर्गणीदार आहेत. त्यातली एक गेल्या निवडणुकीपासून कार्यकारिणीवर आहे.

आता भाड्याचा हिशेब. तो मी सरासरी गाळ्याचा करते, म्हणजे आपल्याला तपासता येईल.

सहा दिवसांत एका गाळ्यावर साधारण 40,000 रुपयांची विक्री होते. वाचकांना सवलत देऊन विक्रेत्याच्या हाती चौथा हिस्सा राहतो, म्हणजे 10,000. पुस्तकं आणायची-न्यायची, टेम्पोचे 4,000. दोन माणसांचं सहा दिवसांचं राहणं-जेवण, कितीही काटकसर केली तरी 3,000. आमच्याकडे गाळ्याचे 1,500, त्यात मैदान, मंडपाचा काही भाग आणि वीज. उरले 1,500 रुपये. एवढ्यासाठी दोन माणसं सहा दिवस थंडीत गाळ्यावर झोपतात. नव्या दराने मैदानाचे सहा दिवसांचे 6,000 च्या जागी 90,000 होतात. वाढलेले 84,000 अठरा गाळ्यांवर वाटले तर प्रत्येकी 4,600 च्या वर जातात. म्हणजे प्रत्येक गाळेवाल्याने आपल्या गावाला पुस्तकं दाखवण्यासाठी पदरचे तीन हजार घालायचे. कोण येईल? आणि आले नाहीत तर त्यांना दोष कसा द्यायचा?

कपड्यांच्या आणि भांड्यांच्या सेलला आपण हा दर लावता तो योग्य आहे. त्यांच्या मालावरचा नफा वेगळा, खप वेगळा. पुस्तकाचं तसं नाही हे केंद्र सरकारनेही मानलं आहे, छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. मराठीत हजाराची आवृत्ती निघायची ती आता पाचशेवर, कधी तीनशेवर आली आहे. प्रकाशकाकडे गावोगाव पोचायला दुकानांची साखळी नाही. अशी प्रदर्शनं हीच त्याची गावाकडची दुकानं आहेत. ती बंद झाली की छापणाराही कमीच छापतो. त्यात आपल्या भागातला नवा लेखक आधी गळतो, कारण त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

मैदानाचा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. कोलकात्याचा पुस्तक मेळा 1976 ला सुरू झाला, वर्षानुवर्षं तो तिथल्या मोठ्या मैदानावर भरत होता. 1997 ला तिथे आग लागून गाळेच्या गाळे जळाले, तरी काही दिवसांतच मेळा पुन्हा उभा राहिला. 2007 ला पर्यावरणाच्या कारणावरून उच्च न्यायालयाने त्या मैदानावर मेळा भरवायला मनाई केली. त्यानंतर जागा बदलत बदलत तो सॉल्ट लेकच्या सेंट्रल पार्कात आला, आणि आता त्या जागेचं नावच बोईमेला प्रांगण, म्हणजे पुस्तक मेळ्याचं प्रांगण, असं झालं आहे. ते महानगर आहे, आपण तालुका आहोत, हे मला कळतं. पण जागेची अडचण आल्यावर तिथे जागा शोधली गेली.

आपल्या राज्याच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर नाही. शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर तसा उपकर घेतात. आपल्या नगरपरिषदेवर पुस्तकांसाठी असा कोणताही बोजा कायद्याने टाकलेला नाही, आणि आम्हीही गेल्या चौदा वर्षांत आपल्याकडे एक रुपया अनुदान मागितलेलं नाही. वर्गणी आम्ही गोळा करतो, मंडपाचा उरलेला खर्च व्यापारी मंडळी वाटून घेतात, पाण्याचे जार एक दूधवाले पाठवतात. नगरपरिषदेकडून मैदान हवं आहे, तेही भाडं भरून.

आणखी दोन तक्रारी आहेत, त्या लांबवत नाही. आम्ही अर्ज दिला 11 ऑगस्टला. त्यानंतर तीनदा कार्यालयात येऊन गेले, दर वेळी ‘विषय सभेपुढे आहे’ असं उत्तर मिळालं. निर्णय कळला तो प्रदर्शनाला पाच आठवडे उरले असताना. विक्रेते दिवाळीतच जानेवारीच्या तारखा ठरवतात, त्यांनी आपल्यासाठी दुसऱ्या गावांना नाही म्हटलेलं आहे. दुसरं, ठरावाआधी वाचनालयाला, शाळांना किंवा गाळेवाल्यांना एकदाही बोलावलं गेलं नाही. पाच मिनिटं बोलू दिलं असतं तर वरचा हिशेब मी तिथेच मांडला असता.

आमच्याकडूनही चूक झालेली आहे, ती लपवत नाही. गेल्या वर्षी मंडपाचे खड्डे बुजवायला आम्हाला चार दिवस उशीर झाला आणि मुलांचा क्रिकेटचा सराव अडला. त्याबद्दल मी मुलांची माफी मागितली होती, आपलीही मागते. यंदा खड्डे न खणता लोखंडी पाइपचा मंडप घालायचं ठरलं आहे आणि मैदान दुसऱ्या दिवशी झाडून-सपाट करून देण्याची लेखी हमी अर्जासोबत जोडलेली आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा चौकात पेढे वाटले गेले. आपण सगळे होतात, मीही होते. तो आनंद खरा होता, म्हणूनच मी विश्वासाने या गोष्टी मागते आहे.

पुस्तक प्रदर्शनाला व्यावसायिक विक्रीच्या वर्गातून काढून शैक्षणिक-सांस्कृतिक कार्यक्रमांच्या वर्गात घ्यावं आणि दिवसाला 1,000 रुपयांचा जुना दर कायम ठेवावा. पुढच्या वर्षांसाठी त्यात वाजवी वाढ करायची असेल तर आमची तयारी आहे, फक्त ती आधी सांगावी. अनामत 50,000 ऐवजी 5,000 असावी.

3 ते 8 जानेवारी हे सहा दिवस मैदानाच्या वार्षिक आरक्षणात पुस्तक प्रदर्शनासाठी कायमचे नोंदवावेत, म्हणजे दरवर्षी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत वाट बघावी लागणार नाही.

मैदानाच्या पूर्वेकडचे दोन दिवे दोन वर्षांपासून बंद आहेत. ते 3 जानेवारीच्या आत लावावेत. अंधार पडला की मुली आणि बायका लवकर निघून जातात, आणि व्याख्यानं नेमकी संध्याकाळीच असतात.

नगरपरिषदेच्या चारही शाळांतल्या मुलांना त्या सहा दिवसांत एकदा, शिक्षकांबरोबर, शाळेच्या वेळेत प्रदर्शनाला आणावं. येण्या-जाण्याला अर्धा तास लागतो. रस्ता ओलांडायला आमचे स्वयंसेवक थांबतील.

आणि या विषयावर फेरविचारासाठी एक विशेष बैठक 15 डिसेंबरच्या आत घ्यावी, तीत वाचनालयाला बोलू द्यावं. मी चौदा वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या घेऊन येईन. मोटारी भरणारे ते गृहस्थही येतो म्हणाले आहेत.

15 तारखेपर्यंत निर्णय झाला तर विक्रेते यायला तयार आहेत, मी काल सगळ्यांना फोन करून विचारलं. अठरापैकी चौदा जणांनी तारखा धरून ठेवल्या आहेत. त्यापुढे त्यांना थांबवणं मला योग्य वाटणार नाही.

आपलं उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवावं. ते बाहेरच्या फलकावर, या पत्राशेजारी लावलं जाईल. वाचनालय सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 7 उघडं असतं, आपल्यापैकी कुणालाही समक्ष बोलायचं असेल तर मी तिथेच आहे.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय